अखेरच्या पावलाआधी

आमच्या लातुरात बरेच निवाडे गंजगोलाईतल्या चहावर होतात. प्रशिक्षण अर्धवट सोडून एखादा पोरगा खडकवासल्याहून किंवा देहरादूनहून परत आला, की त्याचाही निवाडा तिथेच होतो: 'घाबरला, दुसरं काय!' ट्यूशनच्या या शहरात आम्हाला पास आणि नापास एवढेच कळते. माणूस विचार करूनही माघारी येऊ शकतो, हे आम्हाला पटत नाही.

त्यात पोरगा आमच्या मोहल्ल्यातला असला, तर निवाडा त्याच्यापुरता राहत नाही. 'यांचं असंच' असे कुणी म्हणेल या धास्तीने बाहेरच्यांच्या आधी आम्हीच त्याला झोडपतो. साऱ्या समाजाची अब्रू आम्ही एका पोराच्या खांद्यावर ठेवलेली असते. ते ओझे त्याने मागितलेले नसते.

खडकवासल्याला तीन वर्षे आणि लष्करात जायचे तर पुढे देहरादूनला एक वर्ष. ही वर्षे केवळ कवायतीची नसतात, पारखण्याचीही असतात. संस्था मुलाला पारखते, तसे मुलानेही स्वतःला पारखायचे असते. आधी देश, मग हाताखालचे जवान, शेवटी आपण, हा क्रम देहरादूनच्या अकादमीत १९३२ सालापासून सांगितला जातो. तिथले 'अंतिम पग' ओलांडून कॅडेट अधिकारी होतो आणि त्याच्या शब्दावर जवान जीव धोक्यात घालतात. ज्याचे मन त्यात नाही, त्याने केवळ लोकलाजेसाठी तारे खांद्यावर घेतले, तर त्या लाजेची किंमत दुसऱ्यांची मुले देतात.

आमच्याच जिल्ह्यातल्या उदगीरला १७६० मध्ये इब्राहिमखान गारदी यांच्या तोफा निजामाविरुद्ध धडाडल्या. पूर्वी ते निजामाच्याच पदरी होते. पण १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांची बाजू त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि लोकांनी लक्षात ठेवले ते हेच. सोडण्याची एक वेळ असते. ती टळल्यावर सोडणे म्हणजे दगा.

म्हणून वेळेत सोडणारा अगदी मोकळा झाला, असेही नाही. सरकारचा खर्च झालेला असतो आणि स्वेच्छेने जाणाऱ्याकडून तो नियमाने वसूल होतो. पैसा फेडता येतो. पण जागा मोजक्या असतात, आणि त्याच्यामुळे दाराबाहेर राहिलेल्या मुलाची संधी कशी फेडणार? ही अमानत आहे. तिची जाणीव त्याने आयुष्यभर ठेवावी आणि दुसऱ्या कामातून ती उतरवावी.

सैन्याची थोरवी आम्हाला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३च्या त्या पहाटेनंतर किल्लारीत ढिगारे उपसणारे जवान आम्ही पाहिले आहेत. म्हणूनच वाटते, अशा जवानांना हुकूम देणारा मनापासून तिथे असावा. ज्याला ते जमणार नाही आणि जो वेळेवर तसे सांगतो, त्याने त्या जवानांचा मानच राखला आहे.

असा पोरगा पुन्हा गंजगोलाईत दिसला, तर 'का आलास?' हे विचारण्याआधी आपण त्याला चहा सांगावा, आणि विचारावे, 'बेटा, आता काय ठरवलंयस?'