पाडस बुडू द्यायचं होतं का?

आजचं चिंतन: श्रीमद्भागवत, स्कंध पाचवा, अध्याय आठवा.

गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. भरत राजा सगळं राज्य मुलांना वाटून देऊन गंडकी नदीच्या काठी, पुलहाश्रमात राहायला आला. एके दिवशी तो नदीकाठी जप करत बसलेला असताना एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली. जवळच सिंहाची डरकाळी झाली. घाबरून तिनं नदीपलीकडे उडी मारली आणि त्या उडीतच पाडस पोटातून प्रवाहात पडलं. हरिणी पुढे जाऊन मेली. वाहत चाललेलं पाडस भरतानं उचलून आश्रमात आणलं. मग त्याला गवत खाऊ घालणं, लांडग्या-वाघांपासून राखणं, खांद्यावर घेऊन फिरणं सुरू झालं. हळूहळू जप मागे पडला. पूजेत बसला तरी मध्येच उठून पाडस कुठे आहे ते बघून यायचा. शेवटच्या क्षणीही डोळ्यांसमोर तेच हरीण, म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

आमच्या सोसायटीत दर शनिवारी आम्ही सात-आठ जण भागवत वाचायला बसतो. हा अध्याय झाला तेव्हा एका काकूंनी विचारलं, "मग काय, पाडस बुडू द्यायचं होतं का?" सगळे हसले, पण काकू हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "दया करा म्हणायचं आणि दया केली की हरणाचा जन्म द्यायचा, हा कुठला न्याय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी जरा लांब, प्राणिसंग्रहालयांच्या कारभारापर्यंत गेलो. तुम्हाला वाटेल, भागवताचा आणि त्याचा काय संबंध? पण "वाचवलेल्या जिवाचं आपण काय लागतो?" हा प्रश्न भरताच्या आश्रमात जसा होता तसाच तिथे आजही रोज उभा असतो.

अरेबियन ओरिक्स नावाचा एक प्राणी आहे. पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचा, वाळवंटात राहणारा. आपल्या काळविटाचा दूरचा नातलग म्हणा. मोटारी आणि बंदुका वाळवंटात पोहोचल्या आणि त्याची शिकार इतकी झाली की १९६२ मध्ये लंडनच्या फॉना प्रिझर्वेशन सोसायटीनं उरलेले काही पकडून आणायची मोहीम काढली. रानातून जेमतेम तीन हाती लागले. मग ज्यांच्या ज्यांच्याकडे ओरिक्स होते त्यांच्याकडे शब्द टाकला गेला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं एक दिला, आखाती राज्यकर्त्यांनी आपल्या खासगी संग्रहातले दिले. असे नऊ ओरिक्स अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या प्राणिसंग्रहालयात एकत्र आले. त्यांना नाव दिलं गेलं 'वर्ल्ड हर्ड', म्हणजे साऱ्या जगाचा कळप. ज्यांनी दिले त्यांनी हे जनावर आमचं असं म्हणणं सोडलं.

१९७२ मध्ये रानातला शेवटचा कळप शिकाऱ्यांनी संपवला. पृथ्वीच्या पाठीवर मोकळा असा एकही ओरिक्स राहिला नाही. पण बंदिस्त कळप वाढला, त्यातले प्राणी या देशातून त्या देशात गेले, आणि १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात ओरिक्स पुन्हा मोकळे सोडले गेले. तिथे पुढे चोरट्या शिकारीनं पुन्हा घात केला, पण इतर देशांतले प्रयत्न टिकले. २०११ मध्ये आययूसीएन या संस्थेनं ओरिक्सला 'संकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली आणून 'असुरक्षित' गटात ठेवलं. रानातून पूर्ण नाहीसा झालेला प्राणी इतका सावरल्याचं हे पहिलंच उदाहरण.

हे कसं जमतं? मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यातली नोंदवही फार आवडते. तिला 'स्टडबुक' म्हणतात. युरोपियन बायसन, म्हणजे आपल्या गव्याचा तिकडचा भाऊबंद, रानातून संपला तेव्हा उरलेल्या प्रत्येक जनावराची वंशावळ लिहायला घेतली गेली आणि १९३२ मध्ये ती छापून आली. आज जिवंत असलेले सगळे युरोपियन बायसन अवघ्या बारा पूर्वजांची लेकरं आहेत. इतक्या थोड्या पूर्वजांवर कुळ चालवायचं तर कोणाचं लग्न कोणाशी, हे डोळ्यांत तेल घालून ठरवावं लागतं. आता ही कामं संगणकावर होतात. प्रत्येक प्राण्याचं एक गणित मांडतात: कळपात याचे नातलग किती? ज्याला पन्नास चुलत-मावस भावंडं आहेत त्याचा वंश आधीच भरपूर पसरलाय. ज्याच्या घराण्यातला तो एकटाच उरलाय, त्याची जोडी आधी जुळवायची. मग कागद निघतो: अमुक नर तमुक देशात, तमुक मादी अमुक शहरात.

आता त्या कीपरचा विचार करा, ज्यानं ते पिल्लू बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. कागद आला की त्यानं काय करायचं? तर प्रवासाचा पिंजरा काही आठवडे आधीच आवारात आणून ठेवायचा. त्यातच खाणं द्यायचं. जनावराची भीती मोडली की ते आपणहून आत जायला लागतं. मग ठरल्या दिवशी दार लावून घ्यायचं. म्हणजे ज्याचा आपल्यावर विश्वास आहे त्याला त्या विश्वासाच्याच बळावर निरोप द्यायचा. मला हे वाचताना भरत आठवला. त्याला हेच जमलं नाही.

भागवत नीट वाचलं तर पाडस उचलण्याला कुठेही दोष दिलेला नाही. दोष सुरू होतो तो त्याच्या मनात पुढे आलेल्या एका विचारापासून: याला माझ्याशिवाय कोणी नाही. हा विचार मोठा फसवा आहे बरं का. दयेचा उगम त्यातच असतो आणि अहंकाराचाही त्यातच. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असे लोक रोज बघतो. "हे मॉड्यूल माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही," म्हणणारा माणूस मनापासून राबतो, रात्री-बेरात्री उठून दुरुस्त्या करतो. पण पुढच्याला समजेल असं काही लिहून ठेवत नाही. त्याला कामापेक्षा आपण लागतो ही भावना जास्त प्यारी झालेली असते. भरताचं पाडस मोठं झालं, त्याला शिंगं फुटली असतील, रानात त्याच्या जातीचे कळप होते. भरतानं त्याला कळपात सोडलं नाही. एकदा ते आपणहून दूर गेलं तर हा शोक करत बसला.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला मिळालं: पाडस उचलायचंच होतं, पण ते 'माझं' करायचं नव्हतं. ओरिक्सच्या मालकांनी जे केलं ते भरताला करायचं होतं.

इथेच थांबलो असतो तर चिंतन छान गोड झालं असतं. पण याच नोंदवहीची दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही.

९ फेब्रुवारी २०१४, रविवार. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयात मारियस नावाचा तरुण जिराफ मारला गेला. त्याला कसलाही आजार नव्हता. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांच्या सामायिक प्रजनन योजनेत त्याच्या घराण्याचे जिराफ पुरेसे होते, एवढंच. मारल्यावर त्याचं शवविच्छेदन लोकांसमोर झालं, बघणाऱ्यांत मुलंही होती. मांस सिंहांना घातलं. इंग्लंडमधलं यॉर्कशायर वाइल्डलाइफ पार्क त्याला घ्यायला तयार होतं, तिथे त्याचा मोठा भाऊ आधीपासून होता. उत्तर आलं की तिथे जागा असेल तर ती वंशाच्या दृष्टीनं जास्त मोलाच्या जिराफाला मिळायला हवी.

जगभर संताप झाला. पण नुसतं संतापून सुटका नाही. त्यांची बाजूही ऐका. कळपात नर आणि माद्या सारख्याच जन्मतात, पण गटाला नर एकच पुरतो. जागा मोजकी आहे. गर्भनिरोधकं दिली तर जिराफांना त्यांचा त्रास होतो, आणि पिल्लू जन्माला घालणं, वाढवणं हे त्या आईच्या जगण्यातलं मोठं सुख आहे, ते का हिरावायचं? सिंहांना मांस लागतंच; मारियस नसता तर एखादी गाय मेली असती, जिला नाव नव्हतं म्हणून कोणी रडलं नसतं. आणि हे सगळं त्यांनी लपवून केलं नाही, उघड्यावर केलं. या प्रत्येक मुद्द्यात तथ्य आहे. शेवटचा गायीचा मुद्दा तर मला अजून टोचतो.

मग मला खटकलं काय? पुष्कळ विचार केल्यावर असं वाटलं, की 'कोणीच अपरिहार्य नाही' हे जे वाक्य ओरिक्सला वाचवताना वैराग्यासारखं दिसत होतं, तेच मारियसच्या वेळी 'तू नकोस' असं झालं. शब्द तेच, भाव उलटा. निर्मम होणं म्हणजे 'माझं' हा शिक्का पुसणं. समोरचा जीवच पुसणं नव्हे. मारियसला यॉर्कशायरला पाठवलं असतं तर तेही सोडणंच होतं. सोडून देणं आणि टाकून देणं यांत फरक आहे, आणि तो नोंदवहीत दिसत नाही. दोन्हीकडे एक ओळ कमी होते.

आणखी एक गोष्ट. भरताचं पाडस नदीतून आलं होतं. भरतानं त्याला जन्माला घातलं नव्हतं. रानातलं हरीण दुष्काळात मेलं किंवा वाघानं खाल्लं तर त्याचा हिशोब आपल्याकडे नाही. पण ज्याचे आई-बाप आपण ठरवले, कुंपण आपण घातलं, जो जन्मावा की नाही हे आपल्या हातात होतं, त्याचं आपण देणं लागतो. आपल्याकडे ऋण हा शब्द देव, ऋषी, पितर यांच्याबरोबर भूतमात्रांसाठीही वापरतात, तो उगीच नाही. मालकी सोडता येते. ऋण असं एकतर्फी सोडता येत नाही, ते फेडावं लागतं.

म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवलंय: जितकं कठोर गणित करायचं तितकं जन्माच्या आधी करावं. जोड्या लावू नका, नर-मादी वेगळे ठेवा, पिल्लं कमी होऊ द्या. एकदा जीव श्वास घेऊ लागला की तो गणितातला आकडा राहिला नाही. याला किंमत आहे, हे मी जाणतो. फार काळ न व्यालेल्या माद्या पुढे वांझ राहू शकतात. एका 'जास्तीच्या' जिराफाला दिलेली जागा दुसऱ्या कोणाला मिळणार नाही, कदाचित एखादं दुर्मिळ घराणं त्यामुळे थोडं मागे पडेल. मी एसीत बसून कोड लिहिणारा माणूस. पहाटे उठून शेण काढणाऱ्या कीपरला शिकवायची माझी लायकी नाही. तरीही वाटतं, योजना माणसानं आखली आहे तर तिची तूट माणसानं भरावी, ज्याला कोणी विचारलंच नव्हतं त्या पोरानं नव्हे.

पुढच्या शनिवारी हे मी काकूंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाडस उचलायचं, वाढवायचं, कळपात सोडायचं. आणि कळपानं नाही घेतलं तर?" मी म्हटलं, "तर ठेवायचं, पण जप चालू ठेवायचा." त्यावर त्या म्हणाल्या, "ते अवघड आहे रे." अवघड आहेच. म्हणून तर भरतासारख्याला त्यासाठी आणखी जन्म लागले.

आणि या अध्यायाचा शेवट बघा किती सुंदर आहे. हरणाच्या जन्मात भरताला मागचं सगळं आठवत होतं. तो आपल्या हरिणी-आईला सोडून परत त्याच आश्रमात आला, वाळलेला पाला खाऊन एकटा राहिला आणि शेवटी त्या नदीच्या पाण्यातच त्यानं देह सोडला. ज्या पाण्यातून त्यानं पाडस काढलं होतं, तेच पाणी.

आजचा छोटासा अभ्यास: आपल्या हाताखाली, आपल्या भरवशावर असलेला एक जीव आठवा. मूल असेल, म्हातारे वडील असतील, गॅलरीतली मांजर असेल, ऑफिसातला नवा ज्युनिअर असेल. स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी याला धरून ठेवलंय का? आणि सोडताना मी याला टाकत तर नाही ना?

हे नारायणा, उचलायला हात दे, सोडायला मन दे, आणि या दोहोंत तुझं नाम सुटू देऊ नकोस.

उद्या अध्याय नववा.

राम कृष्ण हरी.