ढाबळीच्या ओढीवर चाललेले टपाल

युद्धात निरोप नेणारे कबुतर हव्या त्या ठिकाणी धाडता येत नाही. कुठूनही सोडले तरी ते आपल्या ढाबळीकडेच परतते. सैन्यांनी वापरली ती ही घरची ओढ. मुख्यालयाजवळच्या ढाबळीत वाढलेली पाखरे टोपल्यांतून आघाडीवर न्यायची आणि प्रसंग आला की पायाला चिठ्ठी अडकवून सोडायची. उलट दिशेच्या निरोपाला ती निरुपयोगी.

या एकेरी टपालाचा सर्वांत कल्पक उपयोग वेढ्यात अडकलेल्या पॅरिसने केला. 1870 च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी शहर कोंडले. बलून बाहेर पडत, पण वाऱ्याच्या मर्जीवर चालणारे बलून परत आणता येईना. मग पॅरिसचीच कबुतरे बलूनमधून बाहेर नेण्यात आली. रने दाग्रों या छायाचित्रकाराने पत्रांची सूक्ष्म छायाचित्रे पातळ फिल्मवर उतरवली. तिची गुंडाळी शेपटीच्या पिसाला बांधत. एका पाखरावर हजारो निरोप मावत. शहरात त्या फिल्म पडद्यावर मोठ्या करून दाखवत आणि कारकून मजकूर उतरवून घेत. थंडी, धुके आणि शिकारी पक्षी यांतून थोडीच कबुतरे पोहोचत, म्हणून एकच मजकूर अनेकांबरोबर पाठवावा लागे.

पहिल्या महायुद्धापर्यंत टेलिफोन आला होता. पण तोफांच्या माऱ्यात तारा तुटत आणि कबुतरांवाचून भागत नसे. व्हर्दंजवळच्या व्हो या वेढलेल्या फ्रेंच किल्ल्यातून मेजर रेनालने 4 जून 1916 रोजी मदतीच्या निरोपासह शेवटचे कबुतर सोडले. विषारी वायूने अर्धमेले झालेले ते पाखरू पोहोचले आणि मेले. कुमक मात्र किल्ल्यापर्यंत येऊ शकली नाही. 7 जूनला किल्ला पडला. निरोप पोहोचला म्हणजे मदत पोहोचली असे नव्हे, हे शौर्यकथा सांगताना सोयीस्करपणे गाळले जाते.

शौर्य हा शब्दही इथे माणसाचाच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये प्राण्यांसाठी डिकिन पदक सुरू झाले आणि 32 कबुतरांना ते मिळाले. त्यांतला जी. आय. जो 1943 मध्ये इटलीत वेळेवर पोहोचला, म्हणून मित्रसैन्याच्या ताब्यात आलेल्या गावावरची त्यांचीच बॉम्बफेक थांबली. माणसे वाचली हे खरे. पाखरू मात्र फक्त घरी निघाले होते. कर्तव्याचा अर्थ पदक देणाऱ्यांनी त्याला चिकटवला. त्याच ब्रिटनने, ही कबुतरे वाटेत मारली जाऊ नयेत म्हणून, युद्धकाळात शेकडो ससाणे मारवले. त्यांचाही गुन्हा स्वभावाप्रमाणे वागण्याचाच होता.