पत्ता, कौल आणि प्रारब्ध

पत्त्यांच्या डावात हाती आलेली पाने कोणी निवडलेली नसतात. ती मग आली कुठून, हा प्रश्न नौदलात नव्याने पत्ते शिकणाऱ्यापुढे अधिक टोकदार होतो. युद्धनौकेवर ड्यूटीच्या पाळ्यांमध्ये मेसमध्ये मेंढीकोट किंवा रमीचा डाव बसतो. खेळणारे सगळे एकाच जहाजात असतात आणि जहाजाचे काय होईल ते कोणाच्याच हातात नसते.

गोव्यातल्या पेडणे किंवा डिचोलीहून नौदलात गेलेल्या तरुणाने या प्रश्नाचे एक उत्तर लहानपणापासून पाहिलेले असते. गावच्या देवळात मूर्तीला पाने किंवा पाकळ्या लावून देवाला विचारतात. कुठल्या बाजूची पाकळी आधी पडली, त्यावरून होकार की नकार ते ठरते. हाच कौल, हाच प्रसाद. पाकळीचे पडणे तिथे योगायोग नसते, देवाचे बोलणे असते. मात्र कौलाआधी प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर काहीही आले तरी ते पाळायची तयारी असते. पत्ते पिसताना कोणी काही विचारत नाही, कसली बांधिलकीही घेत नाही. त्यामुळे चांगली पाने आली म्हणजे देव पावला, असे मानणे कौलावरच्या श्रद्धेलाच हलके करते.

दुसरे उत्तर कर्मविचाराचे. आलेली पाने म्हणजे प्रारब्ध, ती कशी खेळायची ते क्रियमाण, म्हणजे आता हातून घडणारे कर्म. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी 1926 मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या व्याख्यानांत (‘द हिंदू व्ह्यू ऑफ लाइफ’) कर्म आणि स्वातंत्र्य समजावताना पत्त्यांचाच दाखला दिला. दाखला सुंदर आहे, पण अर्धाच लागू पडतो. प्रारब्ध हे ज्याच्या त्याच्या पूर्वकर्माचे फळ. पिसलेल्या पत्त्यांना मागच्या डावाची आठवण नसते. काल लबाडीने जिंकलेल्यालाही आज एक्के येतात. शिवाय पत्ते प्रत्येकाला वेगळे वाटले जातात, जहाजाचे दैव सगळ्यांना मिळून एकच असते.

1943 च्या आरंभी ‘वाहू’ या अमेरिकी पाणबुडीवर हे ठळकपणे दिसले. चौथ्या गस्तीवर कप्तान मॉर्टन यांनी क्रिबेज या खेळात पत्ते वाटले आणि त्यांचे दुय्यम अधिकारी रिचर्ड ओकेन यांना 29 गुणांचा हात आला. या खेळात त्याहून मोठा हात नाही. दोन लाखांहून अधिक डावांत एखादाच तो येतो. खलाशांनी तो शुभशकुन मानला आणि ती गस्त यशस्वीही झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘वाहू’ मॉर्टन यांच्यासह बुडाली. ओकेन तोवर दुसऱ्या पाणबुडीवर गेले होते. शकुन खरा म्हणावा, तर तो नेमका कोणासाठी होता?

पत्त्याची किंमत पत्त्यात नसतेच, हे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा शिकवते. गंजिफेत दहा अवतारांचे 120 गोल पत्ते असतात. पाच अवतारांत राजा आणि प्रधानाखालोखाल दहा मोठा, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव रामाने सुरू होतो, रात्री कृष्णाने. हाती काय आले याहून कुठला नियम चालू आहे आणि कुठली पाने पडून गेली, हे ध्यानात ठेवणे तिथे मोलाचे.

खेळाचे मर्म शिकण्याचा सर्वांत खोल विचार मात्र महाभारताच्या वनपर्वात सापडतो. फाशांत राज्य घालवलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाकडे सारथ्याची चाकरी करतो. बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नजरेने मोजणारा हा राजा त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवतो. ते कळताच नळाला झपाटून द्यूतात हरवणारा कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. इथे दैव नाहीसे झालेले नाही. फासे पुढेही टाकले जातातच. ज्ञानाने नळाची भूल सुटली, एवढेच झाले. राज्य परत जिंकल्यावर तो, ते आधी जिंकून घेणाऱ्या आपल्या भावाला, पुष्कराला, सूड न घेता सोडतो आणि त्याचा वाटाही देतो. आधीची हार पुष्कराच्या कर्तबगारीची नव्हती, कलीची होती, असे तो त्याला स्पष्ट सांगतो.