संगणकाची मुदत कोण ठरवतं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. टॅलीत नोंदी होत राहिल्या, प्रिंटर कागद ओढत राहिले, शाळांच्या संगणक कक्षांत तास भरत राहिले. थांबल्या त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. विंडोज ११ फुकट मिळतं, पण २०१६-१७ च्या सुमारास घेतलेल्या बहुतेक यंत्रांवर ते अधिकृतपणे बसत नाही. त्यामुळे धडधाकट यंत्रं एका तारखेला ‘जुनी’ झाली. या निर्णयापायी सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने २०२३ च्या अखेरीस वर्तवला होता.

यंत्रं कमकुवत आहेत म्हणून हे झालं, असा समज सहज होतो. विंडोज ११ ला ४ जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण पुरते. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्येही तेवढं असायचं. गाडं अडतं ते टीपीएम २.० आणि मान्य प्रोसेसरांच्या यादीपाशी. टीपीएम म्हणजे माहिती कुलूपबंद करणाऱ्या सांकेतिक किल्ल्या सांभाळणारा भाग. तो मदरबोर्डवरची वेगळी चिप असतो किंवा प्रोसेसरच्या सोबतच येतो. इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीच्या अनेक यंत्रांत तो आहेच. तरीही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते.

या यादीतला एक अपवाद बोलका आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने सातव्या पिढीतले मोजके प्रोसेसर मान्य केले. त्यांत कोअर आय-७ ७८२०एचक्यू हा एक होता. हाच प्रोसेसर ‘सरफेस स्टुडिओ २’ या मायक्रोसॉफ्टच्याच महागड्या संगणकात बसवलेला होता आणि तो संगणक तेव्हा विक्रीत होता. मान्यता देताना कंपनीने नव्या पद्धतीच्या ड्रायव्हरची अट घातली, आणि त्या अटीला तांत्रिक आधारही आहे. पण रेषा कुठे ओढायची हा कंपनीचा निर्णय होता आणि ती सरकवता येत होती, एवढं यावरून नक्की कळतं.

सुरक्षेचा मुद्दा मात्र बनावट नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला तडाखा दिला. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० आरोग्य न्यासांच्या कामावर त्याचा परिणाम झाला आणि हजारो भेटी रद्द कराव्या लागल्या. विषाणू ज्या फटीतून शिरला तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ती वेळेत बसवली गेली नव्हती. तेव्हा ‘चालतंय तर चालू द्या’ हा सल्ला बँकेचे व्यवहार, रुग्णांच्या नोंदी किंवा विद्यार्थ्यांचे गुण सांभाळणाऱ्या कोणीही मानू नये. पाठिंबा विकत घेण्याची सोय आहे. पण संस्थांना पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर मोजावे लागतात आणि ही रक्कम पुढे दरवर्षी दुप्पट होते. मोठ्या कंपनीला ते झेपेल. तालुक्याच्या वाचनालयाला झेपणार नाही.

ॲपलची वाट वेगळी, मुक्काम तोच. या कंपनीने १९९४ मध्ये पॉवरपीसी, २००६ मध्ये इंटेल आणि २०२० मध्ये स्वतःच्या एम-१ मालिकेचे प्रोसेसर स्वीकारले. यंत्र आणि प्रणाली एकाच हाती असल्यामुळे ही स्थित्यंतरं सफाईने झाली. पण २०२५ ची ‘टाहो’ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं कंपनीने जाहीर केलं आहे, आणि इंटेलवर चालणारा मॅक प्रो २०२३ च्या जूनपर्यंत विकला जात होता. त्या मानाने गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमबुकना दहा वर्षं अद्ययावत ठेवण्याचं दिलेलं वचन ग्राहकाच्या उपयोगाचं आहे. यंत्र घेतानाच त्याची शेवटची तारीख कळते.

लिनक्स हा या सगळ्यावरचा रामबाण उपाय, असं त्याचे चाहते सांगतात. त्यात तथ्य बरंच आहे. विंडोज ११ ने नाकारलेल्या लॅपटॉपवर मिंट किंवा डेबियन ही लिनक्सची रूपं बहुधा सुरळीत चालतात. पण तिथेही मुदती आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जुन्या ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. शिवाय दुकानातला स्वस्त लेझर प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, टॅली यांपाशी काम अडू शकतं. पेनड्राइव्हवरून प्रणाली सुरू करून तासभर सगळी उपकरणं जोडून बघणं, ही साधी परीक्षा बदल करण्याआधी घ्यायलाच हवी.

लोक आधी यंत्र घेतात, प्रणाली सोबत येईल ती वापरतात आणि फायली कशात साठवल्या जातात याचा विचार शेवटी करतात. प्रत्यक्षात बांधून ठेवतात त्या फायलीच. मराठी अक्षरजुळणीचं उदाहरण घ्या. युनिकोड रुळण्याआधीच्या मराठी फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा ‘त’ वेगळा. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. त्यातून पुस्तक पेजमेकरमध्ये लावलेलं असेल, तर त्या प्रोग्रॅमची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची आहे. असा साठा असलेल्या प्रकाशकाला विंडोज सोडता येत नाही. कित्येकदा जुनं विंडोजही सोडता येत नाही.

म्यूनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलले आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारण होतं. पण खात्यांचे खास प्रोग्रॅम आणि बाहेरच्या कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवघेव या अडचणीही खऱ्या होत्या. जर्मनीतलंच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आता सुमारे ३०,००० संगणक बदलत आहे. त्याने आधी कागदपत्रांसाठी लिबरऑफिस आणि मुक्त ईमेल प्रणाली घेतली, लिनक्स त्यानंतरच्या टप्प्यात ठेवलं. हा क्रम शहाणपणाचा आहे.

आपल्याकडे केरळने हे आधीच करून दाखवलं. २००१-०२ पासूनच्या ‘आयटी अॅट स्कूल’ प्रकल्पाने त्या दशकाच्या मध्यापासून शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर नेल्या. २०१९ मध्ये ‘काइट’ या सरकारी संस्थेने उबंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांसाठी काढली. परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असा तिचा अंदाज होता. पण यश टिकलं ते शिक्षकांचं प्रशिक्षण, पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा त्याच सॉफ्टवेअरभोवती बांधल्यामुळे.

महाराष्ट्राला हे अवघड नाही. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात आहे आणि या संस्थेची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ पासून उपलब्ध आहे. शाळा, ग्रामपंचायती आणि वाचनालयांसाठी निविदा काढताना शासनाने तीन अटी घालाव्यात. सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते विक्रेत्याने लेखी द्यावं. यंत्र लिनक्सवर सर्व उपकरणांसह चालवून दाखवावं. मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपातच साठवला जावा. घरी संगणक घेणाऱ्यानेही दुकानदाराला किमतीच्या आधी ती तारीख विचारावी. उत्तर मिळालं नाही, तर दुसरं दुकान गाठावं.