वाढीव किमतीचा धनी कोण?

घराच्या भिंती वर्षागणिक जुन्या होतात, किंमत मात्र चढत जाते. भाव खरा वाढतो तो बांधकामाचा नव्हे, त्याखालच्या जमिनीचा. आणि तो वाढवतात रेल्वे स्थानक, रस्ते, शाळा, व्यापार व भोवतालची वस्ती. मालकाच्या श्रमावाचून झालेली ही वाढ कोणाची, हा मालमत्ता कराच्या मुळाशी असलेला नैतिक प्रश्न आहे.

याचे एक उत्तर अर्थचिंतकांनी दिले. जॉन स्टुअर्ट मिलने ही वाढ मालकाने न कमावलेली, म्हणून करास पात्र मानली. हेन्री जॉर्जने १८७९ च्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात जमिनीचे खंडमूल्य समाजाचेच आहे, असे प्रतिपादन केले. दुसरे उत्तर कर भरणाऱ्याच्या ऐपतीकडे पाहते. मनुस्मृतीत राजाने कर कसा घ्यावा हे सांगताना जळू, वासरू आणि भुंगा यांचे दाखले आहेत: थोडेथोडे घ्यावे. पण वासरू पिते ते दूध आचळात आलेले असते. घर विकेपर्यंत वाढीव भाव कागदावरच राहतो आणि कर मात्र पगारातून किंवा निवृत्तिवेतनातून भरावा लागतो.

या दोन उत्तरांच्या मध्ये मूल्यनिर्धारक उभा असतो. घराची किंमत प्रत्यक्ष कळते ती विक्रीच्या दिवशी, आणि बहुतेक घरे त्या वर्षी विकली जात नाहीत. त्यामुळे शेजारच्या विक्रीवरून त्याला अनुमान करावे लागते. न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या, भाषेत अनुमान व्याप्तीवर, म्हणजे दोन गोष्टींच्या अटळ साहचर्यावर टिकते. इथली व्याप्ती म्हणजे सारखी घरे सारख्या भावाने जातात, हा नियम. मजला, वय किंवा वापर वेगळा निघाला की तो डळमळतो.

अनुमानाचा आधारही बदलतो. मुंबईत पूर्वी अपेक्षित वार्षिक भाड्यावरून करपात्र मूल्य ठरत असे. भाडे नियंत्रणामुळे जुन्या इमारतींचा कर बाजारभावाच्या फार मागे राहिला. १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्य आधार झाले: रेडी रेकनरचा (शासकीय बाजारमूल्य दरपत्रकाचा) दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार व वय. मात्र जमिनीवर पुढे किती बांधता येईल, ही शक्यता मूल्यात धरता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. कर जे आहे त्यावर, जे होऊ शकेल त्यावर नव्हे, असे हे तत्त्व आहे. सवलतीची वाट वेगळी होती: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता करातून सूट मिळाली.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७८ मध्ये ‘प्रपोझिशन १३’ या जनमत-प्रस्तावाने वेगळी वाट धरली. कराचा दर मूल्याच्या एक टक्क्यावर आणि मूल्यातील वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर बांधली गेली. मालक बदलला की फेरमूल्यांकन. जुन्या रहिवाशाला आधार मिळाला, पण एकसारख्या शेजारी घरांचे कर कितीतरी पटींनी वेगळे झाले. म्हणजे दयेसाठी मूल्यच खोटे ठेवले गेले.

मूल्य आणि वसुली हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर सत्याने द्यायचे, दुसऱ्याचे करुणेने. मूल्यनिर्धारकाने आकडा खरा लिहावा. सवलत कायद्याने उघडपणे द्यावी. ज्याच्याकडे घर आहे पण मिळकत नाही, त्याचा कर घरावर बोजा म्हणून नोंदवून विक्रीच्या वेळी घ्यावा. अमेरिकेतल्याच ऑरेगॉन राज्यात ज्येष्ठांसाठी अशी सोय आहे. त्यात समाजाचा वाटा बुडत नाही आणि रहिवाशाचे छप्परही जात नाही.