हापशाचें पाणी



इसहाकाच्या चाकरांनीं गरारच्या खोऱ्यांत विहीर खणली, तेव्हां तेथील गुराख्यांनीं तिच्या पाण्यावर हक्क सांगून तंटा मांडला. उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायांतील हा वृत्तांत आमच्या खेड्यांत फारसा समजावून सांगावा लागत नाहीं. आमच्या वडीलधाऱ्यांनीं गांवच्या आडापासून दूर घागर ठेवून, कोणी दया येऊन ओतील काय, म्हणून उन्हांत वाट पाहिली आहे.

मग हापसा आला. 1972 च्या दुष्काळांत आड आटले आणि कातळ फोडणारीं यंत्रें गांवोगांव फिरूं लागलीं. बिडाचे जुने पंप एका घरापुरते. सबंध गांव हापसूं लागला कीं ते मोडत. त्याच सुमारास जालना येथील स्कॉटिश मिशनमध्यें मजबूत पोलादी पंप घडविण्यांत आला. त्याच्या मागून सोलापूरचा पंप व पुढें देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क 2’ आला. येथें पोहरा नव्हता, दोर नव्हता, ओतणाऱ्याची मर्जी नव्हती. विटाळ मानणारे मानीतच राहिले, हें आम्ही विसरलों नाहीं. तथापि ज्याच्या हातीं दांडा त्याच्या घागरींत पाणी, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढें वीज आली, पाण्यांत बुडवावयाची मोटार आली, आणि ज्याच्या गांठीं पैसा त्यानें बोअर मारला. 1993 च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें पिण्याच्या सार्वजनिक पाण्यापासून 500 मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर घेण्यास मनाई केली. परंतु आमच्याच मंडळींतील एका भावानें गेल्या उन्हाळ्यांत हापशापासून हाकेच्या अंतरावर बोअर घेतला. त्याची मोसंबीची बाग हिरवी आहे. हापसा नुसता खडखडतो. त्याच्या आजीनें आडापाशीं वाट पाहिली होती. आज त्याच्या कुंपणाबाहेर एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी असते.

आम्ही त्यास दोष देण्यास गेलों नाहीं. बागेवर कर्ज आहे, तें आम्हांस ठाऊक आहे. इसहाक तंट्याची विहीर सोडून पुढें गेला व त्यास रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, मिळाली. आम्हीं कोठें जावें? कातळाखालचें पाणी साऱ्यांचें एकच. म्हणून कुंपणाबाहेर एक नळ काढून सकाळीं तासभर सोडावा, इतकेंच आम्हीं मागितलें. घरांत विचारून सांगतों, असें तो म्हणाला. येत्या रविवारीं उपासनेनंतर आम्ही पुन्हा त्याच्याकडे जाणार आहों.