धुराचा स्क्रू

टेंभूचं पाणी कडेगावच्या शिवारात यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा येरळेच्या काठानं विहिरीविहिरीवर ऑइल इंजिनं चालायची. पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या आमच्या मिस्त्रींना कळायचं, आज कुणाचं इंजिन कण्हतंय. मी त्यांच्या हाताखाली होतो. पाना उचलून देणं, पार्ट डिझेलमध्ये धुणं आणि शिव्या खाणं, एवढंच माझं काम.

मिस्त्री उमेदीत किर्लोस्करवाडीला होते. लोखंडी नांगरानं जमीन नासते, अशी भीती एकेकाळी शेतकऱ्यांना वाटायची आणि किर्लोस्करांचे पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली, हा किस्सा ते अभिमानानं सांगत. यंत्राचं म्हणणं माणसाला उशिरा पटतं, असं त्यांचं मत होतं. आपल्याला मात्र ते लगेच पटतं, अशी त्यांची खात्री होती, आणि ती बऱ्यापैकी खरीही होती.

धूर ओळखावा तो त्यांनीच. माझ्या वहीचा कोरा कागद फाडून ते सायलेन्सरच्या तोंडाशी धरत. कोरडी काजळी बसली, तर डिझेल जास्त आणि हवा कमी. तेलकट ठिपके पडले आणि धूर निळसर असला, तर रिंगा गेल्या, नाहीतर लायनर झिजला. पांढऱ्या धुराला ते नाक लावत. डोळ्यांना झोंबला, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, म्हणजे इंजिन गार आहे, कॉम्प्रेशन कमी आहे किंवा टायमिंग मागं पडलंय. झोंबला नाही, नुसती वाफ निघाली, तर हेडच्या गॅस्केटमधून पाणी आत शिरतंय. सगळं जुळलं, की इंजिन मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेऱ्यांवर असं लागायचं, की सायलेन्सरच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसावी.

एकदा हर्णैहून पोस्टकार्ड आलं. आमच्याकडच्या एका बागायतदारानं विहिरीवर वीज आल्यावर आपलं दोन सिलिंडरचं, दहा हॉर्सपॉवरचं इंजिन विकलं होतं. ते फिरत फिरत एका नाखव्याच्या होडीत जाऊन बसलं होतं. आता ते काळा धूर ओकतंय, आणि ‘हे ज्यांच्या हातचं त्यांनीच बघावं’, असं पत्रात लिहिलं होतं.

कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण. दीड दिवस एसटीत हाडं खिळखिळी करून आम्ही पोचलो. समोर सुवर्णदुर्ग, वाळूवर माशांचा लिलाव, आणि आमच्या दोघांच्या नाकाला रुमाल. समुद्र मी पहिल्यांदाच बघत होतो. डिझेल इंजिन ज्याच्या नावानं ओळखतात तो रुडॉल्फ डिझेल 1913 साली बोटीनं इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसा झाला, हे मी पुढं वाचलं. तेव्हा ठाऊक असतं तर होडीत पाऊल टाकलं नसतं.

भरती होती. होडी पाण्यात डुलत होती. मिस्त्रींनी इंजिन सुरू करायला लावलं. गिअर न टाकता ते साफ चाललं, कागदावर जेमतेम करडा डाग. गिअर टाकला आणि आवाज जड झाला. फेरे चढेनात, आणि आमच्या कडेगावच्या मोहरमातल्या उंच ताबुतासारखा काळा खांब सरळ आभाळात उभा राहिला.

मिस्त्रींनी एअर फिल्टर काढून झटकला. नोझल काढून बाहेर जोडलं आणि हँडल मारायला लावलं. “पिचकारी मारतंय का धुकं सोडतंय बघ. आरं, हात लांब! कातडीत घुसतं ते.” धुकंच होतं. टॅपेट ठीक, कॉम्प्रेशन ठीक. दुपार झाली. नाखवा काठावर बसून बघत होता, त्याचे खलाशी बघत होते. एवढ्या लांबून बोलावून आणलेल्या माणसानं ‘काही सापडत नाही’ कसं म्हणावं?

मग मिस्त्रींनी ते केलं, जे ते कडेगावात मला कधी करू देत नसत. डिझेल पंपावर इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळावं त्याची हद्द ठरवणारा एक स्क्रू असतो, सीलबंद. त्यांनी सील तोडलं आणि स्क्रू दीड फेरा आत घेतला.

धूर गेला. नाखव्यानं नारळ फोडला, पैसे दिले, रात्री सुरमई खाऊ घातली. मी खूश होतो. मिस्त्री जेवताना गप्प होते, ते मला आता आठवतं.

दुसऱ्या दिवशी होडी गेली आणि वेळेवर परत आली नाही. संध्याकाळी आली ती दुसऱ्या होडीच्या दोराला बांधून. इंजिन चालू होतं, धूर नव्हता, पण ओहोटीच्या धारेपुढं अंगात जोर नव्हता. नाखवा एवढंच म्हणाला, “मिस्त्री, धूर होता तेव्हा निदान घरी तरी येत होतो.”

रात्री ओहोटी लागली आणि होडी वाळूवर कलली. मी कंदील घेऊन मागं गेलो, तशी काही शोधायला नाही, झोप येत नव्हती म्हणून. सुकाणूच्या पुढं पितळी पंखा उघडा पडला होता. एक पातं माझ्या मांडीएवढं.

“मिस्त्री,” मी हाक मारली, “आपल्याकडं पाचच्या इंजिनाला कुणी साडेसातचा पंप जोडला तर?”

“तर काळं वकतंय,” ते पडल्या जागेवरून म्हणाले. मग उठून आले.

नाखव्याला विचारलं तेव्हा उलगडा झाला. होडी त्यानं जुनी घेतली होती. आधीच्या मालकाचं इंजिन वीस हॉर्सपॉवरचं होतं. ते त्यानं काढून नेलं, पंखा राहिला. पंख्याकडं इंजिनवाल्यानं बघितलं नाही, इंजिनाकडं होडीवाल्यानं. कंदिलाच्या उजेडात मिस्त्रींनी हाताच्या वितीनं पातं मोजलं, पुन्हा मोजलं. मग घेतलेले पैसे नाखव्याच्या हातावर ठेवले. “चूक माझी. ते बिचारं सांगत हुतं, वजं झेपंना. म्या त्याचं त्वांड दाबलं.”

दापोलीहून लहान पंखा आणून बसवेपर्यंत चार दिवस गेले. स्क्रू पूर्वीच्या खुणेवर आणला, नवी तार ओवून सील केलं. होडी धारेविरुद्ध गेली तेव्हा कागदावर करडा डागच उमटला.

कडेगावात परतलो त्याच आठवड्यात एक शेतकरी आला. इंजिन काळा धूर टाकतंय, शेजारी बोंबलतोय. “तेवढा धूर बंद करा, मिस्त्री. दुसरं काय करू नका.”

आम्ही गेलो. पिशवी उघडायला मी खाली बसलो, तर मिस्त्री विहिरीच्या काठावर उभे राहून आत बघत होते.

“पंप कुठला बसवलाय?”

“हायच की जुना.”

“जुना म्हंजी?”

शेतकरी बोलेना. मिस्त्रींनी धोतर खोचलं, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि साठीच्या गुडघ्यांनी एक एक पायरी आत उतरायला लागले.